बूटेबल पेनड्राइव्ह एका संगणकावर चालतो, दुसऱ्यावर का चालत नाही?

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि तेव्हापासून सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या कचेऱ्यांत, शिकवणी वर्गांत आणि कर सल्लागारांकडे जुन्या संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याचे काम वाढले आहे. बूटेबल, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करून नवी सिस्टिम घालता येते असा, एकच पेनड्राइव्ह पूर्व भागातल्या कारखान्यातून जुळे सोलापुरातल्या घरी आणि तिथून होटगी रोडच्या ऑफिसात फिरतो, आणि त्याच्यामागून ठरलेली तक्रार येते: “काल त्या मशीनवर चाललं की ओ सर, आज या मशीनवर का चालंना?” यावर बहुतेक जण पेनड्राइव्ह फॉरमॅट करून इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एकत्र बांधलेली फाइल, पुन्हा लिहितात, तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या सॉफ्टवेअरने लिहितात, आणि त्यातला एखादा प्रयत्न योगायोगाने लागू पडला की तोच उपाय म्हणून चार जणांना सांगितला जातो. माझा आग्रह असा आहे की पुन्हा लिहिण्याआधी काम नेमके कुठे अडले ते पाहावे, कारण अडण्याच्या प्रत्येक जागेचे कारण वेगळे आहे आणि त्यातली निम्मी कारणे पेनड्राइव्हमध्ये नसतातच.

संगणकाचे बटण दाबल्यापासून इन्स्टॉलर उघडेपर्यंत बऱ्याच गोष्टी एकामागून एक घडतात. मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे जुन्या संगणकात बायोस आणि नव्या संगणकात यूईएफआय, आधी पेनड्राइव्ह शोधते. मग त्यावरचा बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, चालू करते. बूटलोडर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणतो. आणि त्यानंतर कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरच्या आधारे तोच पेनड्राइव्ह आणि संगणकातली डिस्क नव्याने ओळखावी लागते. बूट मेनूत, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या यादीत, पेनड्राइव्हचे नावच दिसत नसेल तर अडचण पहिल्या टप्प्यात आहे. नाव दिसते, पण ते निवडल्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो किंवा पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा मेनूच समोर येतो, तेव्हा फर्मवेअरला हवा तो बूटलोडर मिळालेला नसतो. लोगो दिसल्यानंतर भलत्याच जागी त्रुटी येत असेल, तर इमेज किंवा तिचे लिखाण खराब असण्याची शक्यता अधिक. इन्स्टॉलर व्यवस्थित उघडून डिस्कची यादी मात्र रिकामी दाखवत असेल, तर पेनड्राइव्हने आपले काम पूर्ण केलेले आहे आणि तो पुन्हा लिहून काहीही साधणार नाही.

इमेजची तपासणी कंटाळवाणी आहे, पण ती पहिली करावी. विंडोज ११ ची इमेज, म्हणजे आयएसओ फाइल, ५ जीबीहून मोठी आहे, उबुंटू २४.०४ ची सुमारे ६ जीबी आणि लिनक्स मिंट २२ ची सुमारे ३ जीबी आहे. एवढी फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना मध्येच वीज गेली किंवा नेट तुटले, तर ब्राउझर ती पुढे चालू करतो खरा, पण उतरलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळेलच असे नाही. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा लिहून, तिच्यापुढे हायफनसह हॅशफाइल हा शब्द, मग फाइलचे नाव आणि शेवटी एसएचए२५६ असे द्यावे; लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही आज्ञा आणि फाइलचे नाव एवढेच पुरते. पडद्यावर येणारी ६४ अक्षरांची ओळ आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेली ओळ जुळली पाहिजे. फाइलमधला एक बिट जरी बदलला असला तरी संपूर्ण ओळ वेगळी येते, त्यामुळे बिघाड नजरेतून सुटत नाही. कोणा ओळखीच्याने दिलेली, आधीच ‘ॲक्टिव्हेट’ केलेली विंडोजची इमेज मात्र या कसोटीला कधीच उतरत नाही, आणि ज्या संगणकावर जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात व बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ती घालू नये असे मी स्पष्टपणे सांगतो.

पेनड्राइव्हची शहानिशाही आवश्यक आहे. वर ६४ किंवा १२८ जीबी छापलेले, पण आत त्याहून फार कमी मेमरी असलेले पेनड्राइव्ह बाजारात मिळतात. त्यांचा कंट्रोलर संगणकाला खोटी क्षमता सांगतो, खऱ्या मर्यादेपलीकडचा मजकूर लिहिल्याचे भासवतो आणि तो मजकूर नाहीसा होतो. लिहिताना कोणतीही त्रुटी येत नाही, ती इन्स्टॉलेशन निम्म्यावर आल्यावर येते. विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्समध्ये एफ३ ही साधने असा पेनड्राइव्ह भरून व परत वाचून खरी क्षमता सांगतात. त्याला वेळ लागतो, परंतु नवा पेनड्राइव्ह आणल्यावर एकदा ती तपासणी केली की पुढची काळजी मिटते.

पोर्टचा प्रश्न आपल्या गावात विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मागांच्या शेडला लागून असलेल्या कचेरीतल्या संगणकाच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्चचा उजेड टाकला, तर आतल्या पट्टीवर सुताचे बारीक तंतू आणि धूळ यांचा करडा थर दाबून बसलेला दिसतो. पेनड्राइव्ह आत जातो, त्याचा दिवाही लागतो आणि तरीही बूट मेनूत त्याचे नाव येत नाही. यूएसबीच्या प्लगमध्ये विजेच्या दोन बाहेरच्या पट्ट्या लांब असतात आणि डेटाच्या आतल्या पट्ट्या त्यांहून आखूड असतात. प्लग पूर्ण आत न बसल्यास वीज पोहोचते, डेटा पोहोचत नाही. म्हणून दिवा लागला याचा अर्थ संपर्क नीट झाला असा घेऊ नये. संगणक बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने पोर्ट साफ करावा, आणि शक्यतो कॅबिनेटच्या मागचे, थेट मदरबोर्डवर असलेले पोर्टच वापरावेत.

आता लिखाणाविषयी. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने संगणक तिच्यातून सुरू होत नाही. व्हेंटॉय हे साधन पेनड्राइव्हवर आधी बसवलेले असेल तरच ते चालते. लिनक्समध्ये डीडी ही आज्ञा वापरणाऱ्यांकडून एक गोष्ट वारंवार होते: इमेज एसडीबी या संपूर्ण उपकरणावर लिहिण्याऐवजी एसडीबी१ या त्यावरच्या विभागावर लिहिली जाते. विभाग उपकरणाच्या आरंभापासून काही अंतर सोडून सुरू होतो, त्यामुळे फर्मवेअर जिथे पाहते ती जागा कोरीच राहते किंवा तिथे जुनाच मजकूर राहतो. कोणते नाव कशाचे आहे हे एलएसबीएलके या आज्ञेने, क्षमता पाहून, आधी निश्चित करावे, कारण इथे नाव चुकले तर पेनड्राइव्हऐवजी हिशोबाची डिस्क पुसली जाते. दुसरी गोष्ट घाईची. साध्या यूएसबी २.० पेनड्राइव्हवर ६ जीबी लिहायला कित्येक मिनिटे लागतात. आज्ञा त्याआधीच संपलेली दिसली तर बराच मजकूर अजून संगणकाच्या मेमरीतच असतो, आणि सिंक ही आज्ञा देऊन ती पूर्ण होईपर्यंत थांबल्याशिवाय पेनड्राइव्ह काढू नये. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करण्यापेक्षा बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर करणे केव्हाही बरे.

हे सगळे ठीक असूनही पेनड्राइव्ह एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, याचे मला सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे बूट होण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. जुने बायोस पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइट्सचा तुकडा वाचते, त्याच्या शेवटी ५५ आणि एए ही ठरलेली खूण आहे का ते पाहते आणि तिथला कोड चालवते. यूईएफआय त्या कोडकडे लक्षच देत नाही. ते फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला विभाग शोधते आणि त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमधल्या बूट या फोल्डरात बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल आहे का ते पाहते. एखाद्या पेनड्राइव्हवर यांपैकी एकच सोय असते, एखाद्यावर दोन्ही असतात. बहुतेक प्रचलित लिनक्स इमेज दोन्ही सोयींसह तयार केलेल्या असतात, म्हणून त्यांच्याबाबत ही तक्रार कमी येते. रूफस या इमेज लिहिण्याच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना मात्र निवड आपल्याला करावी लागते: ‘पार्टिशन स्कीम’ या रकान्यात डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याची जीपीटी ही नवी किंवा एमबीआर ही जुनी पद्धत निवडायची असते. जीपीटी निवडल्यास तो पेनड्राइव्ह यूईएफआयपुरता बनतो आणि जुन्या बायोसच्या संगणकाला त्यात काहीही सापडत नाही. एमबीआर निवडल्यावर शेजारच्या ‘टार्गेट सिस्टिम’ रकान्यात काय लिहून येते ते वाचावे. तो रकाना फार थोडे लोक वाचतात आणि माझ्या मते सगळ्या खिडकीतला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्यांना दोन्ही प्रकारच्या संगणकांवर नेहमी काम करावे लागते, त्यांनी दोन वेगळे पेनड्राइव्ह ठेवून त्यांवर चिठ्ठी चिकटवावी, किंवा दोन्ही पद्धतींना चालणारे व्हेंटॉय वापरावे.

इथेच फॅट३२ ची मर्यादा आडवी येते. यूईएफआयला वाचता येईल असा विभाग फॅटचा हवा, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सपेक्षा मोठी असू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या आयएसओमधली इन्स्टॉल.विम ही फाइल या मर्यादेपलीकडे गेली आहे. त्यामुळे आयएसओ उघडून आतल्या फाइली हाताने पेनड्राइव्हवर कॉपी करण्याची पूर्वीची युक्ती आता मध्येच अडते. काही जण यावर पेनड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करतात. मग कॉपी पूर्ण होते, परंतु अनेक संगणकांच्या यूईएफआयला एनटीएफएस वाचता येत नाही आणि ज्यांना येते त्यांच्यावर तो पेनड्राइव्ह व्यवस्थित चालतो. ‘काल चाललं, आज चालंना’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. रूफस एनटीएफएसच्या विभागासोबत एक लहानसा फॅटचा विभाग आपोआप तयार करून त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर ठेवते. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल इन्स्टॉल.ईएसडी ही अधिक दाबून लहान केलेली फाइल वापरते आणि तिच्यामुळे फॅट३२ पुरते. तिसरा मार्ग म्हणजे विंडोजमधल्या डिझम या आज्ञेच्या स्प्लिट-इमेज पर्यायाने मूळ फाइलचे ३८०० एमबीपर्यंतचे तुकडे करणे. एसडब्ल्यूएम नावाचे हे तुकडे सोर्सेस फोल्डरात ठेवले की विंडोजचा इन्स्टॉलर ते स्वतः ओळखतो.

दोन्ही सोयी असलेला पेनड्राइव्ह बूट मेनूत कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय हा शब्द लावून आणि एकदा त्याशिवाय. कोणती ओळ निवडली यावर पुढचे सगळे ठरते. निवडलेली डिस्क एमबीआर पद्धतीची आहे आणि ईएफआय संगणकावर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर घालता येते, असा संदेश इन्स्टॉलर देतो तेव्हा पुष्कळ जण घाईने सगळे विभाग पुसून टाकतात आणि डी ड्राइव्हमधला वर्षानुवर्षांचा हिशोब, बिले, टॉवेल-चादरींची डिझाइने त्यासोबत जातात. त्याची मुळीच गरज नसते. संगणक पुन्हा सुरू करून यूईएफआय हा शब्द नसलेली ओळ निवडली, तर विंडोज १० किंवा लिनक्स त्याच डिस्कवर जुन्या पद्धतीने घालता येते. डिस्क जीपीटी करणे आवश्यकच असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी हे साधन सोबत येते आणि ते डेटा न पुसता रूपांतर करते. मात्र त्याआधी डेटाची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि रूपांतरानंतर फर्मवेअर यूईएफआय पद्धतीवर न्यावे.

काही संगणकांवर कोणताही पेनड्राइव्ह उपयोगी पडणार नाही, हेही मान्य करावे लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही अंगभूत आज्ञा असणे अनिवार्य झाले आहे आणि कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरमध्ये ती नाही. टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त मान्य बूटलोडर चालू देणारी सोय) यांच्या अटी टाळण्याच्या युक्त्या तिथे कामी येत नाहीत. अशा संगणकावर मिंटसारखी लिनक्स घालणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. २०१३ ते २०१५ च्या सुमारास आलेल्या ॲटम प्रोसेसरच्या काही स्वस्त टॅबलेट-लॅपटॉपांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय ३२ बिटचे असते. त्यांना बूटआयए३२.ईएफआय ही फाइल लागते आणि ती नसलेला पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही.

सिक्युअर बूटची अडचण ओळखायला सोपी आहे, कारण संदेशात ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ किंवा ‘ऑथेंटिकेट’ असे शब्द येतात. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने काही संगणकांत जुने लिनक्स बूटलोडर अमान्य ठरवले, त्यामुळे त्याआधी डाउनलोड करून ठेवलेल्या काही इमेज ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असे सांगून बंद पडतात. पेनड्राइव्ह तोच, संगणक तोच आणि आधी चालत असलेले अचानक चालेनासे होते, ते यामुळे. त्याच लिनक्सची नवी इमेज उतरवून घेणे हा योग्य उपाय. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करणे हा दुसरा. व्हेंटॉय वापरताना पहिल्यांदा निळ्या पडद्यावर एक सुरक्षा की नोंदवायला सांगितले जाते, ती पायरी घाबरून सोडू नये. परंतु सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करून घ्यावी. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, मालकाला त्याची कल्पनाही नसते, आणि सेटिंग बदलल्यावर संगणक ती की मागतो. की नसेल तर डेटा परत मिळत नाही.

बूट मेनूच उघडत नसेल तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप हे नेहमीचे कारण आहे, कारण त्यात शटडाउन केलेला संगणक पूर्णपणे बंद होतच नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट निवडावे आणि ‘यूज अ डिव्हाइस’ या पर्यायातून पेनड्राइव्ह घ्यावा. एचपीमध्ये एफ९, डेल आणि लेनोवोमध्ये एफ१२, आसूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप आणि एमएसआयच्या मदरबोर्डवर एफ११ ही कळ सहसा चालते. एसरमध्ये एफ१२ आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते. जुन्या काही बायोसमध्ये पेनड्राइव्ह यूएसबीच्या यादीत न येता हार्ड डिस्कच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर येतो, तिथेही पाहावे.

केलेली सेटिंग दुसऱ्या दिवशी पुसली जात असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपलेली असते. आपल्याकडे रात्री मेन स्विच बंद करून जाण्याची पद्धत असल्याने हा दोष रोज सकाळी नव्याने उभा राहतो: तारीख मागे जाते, बूटचा क्रम मूळपदावर येतो, आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलला गेल्यास आदल्या दिवशी घातलेली ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच होत नाही. पेनड्राइव्हवर संशय घेण्याआधी फर्मवेअरमधली तारीख पाहावी. ती चुकलेली असेल तर बॅटरी बदलावी.

इन्स्टॉलर उघडला आणि डिस्क दिसत नसेल, तर इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत बहुधा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय चालू असते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, तो उलगडून पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरात ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने निवडावा. व्हीएमडी सरळ बंद करणे सोपे वाटते, परंतु आत आधीची विंडोज ठेवायची असेल तर ती मग सुरू होत नाही. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरसाठी अजूनही विंडोज ७ घालणाऱ्यांना सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही असा चकवणारा संदेश येतो, तो खरे तर यूएसबी ३.० च्या ड्रायव्हरबद्दल असतो, यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावल्यावर जुन्या संगणकांत तो प्रश्न सुटतो, इंटेलच्या ६ व्या पिढीपासून पुढे सुटत नाही.

काम झाल्यावर विंडोज तोच पेनड्राइव्ह काही एमबींचा दाखवते किंवा फॉरमॅट करायला सांगते, तेव्हा तो फेकून देऊ नये. विंडोजमधले डिस्कपार्ट हे आज्ञांचे साधन उघडून लिस्ट डिस्कने यादी काढावी, क्षमतेवरून पेनड्राइव्ह ओळखून सिलेक्ट डिस्कने तोच निवडावा आणि मग क्लीन द्यावे. त्यानंतर नवा विभाग केला की पूर्ण जागा परत मिळते. क्लीन दाबण्याआधी पुन्हा एकदा लिस्ट डिस्क करून तारांकन पेनड्राइव्हच्याच ओळीवर आहे हे पाहावे, आणि खात्री नसेल तर त्या वेळेपुरत्या बाकीच्या बाहेरच्या डिस्क काढून ठेवाव्यात.